रोजची भाकर आणि डब्याची पिशवी

लोकलमध्ये डब्याच्या पिशवीकडे कोणी पाहत नाही. डोंबिवली ते ठाणे हा प्रवास मी पंचवीसहून अधिक वर्षं केला. माझ्यासारख्या शेकडो माणसांच्या खांद्याला तशीच पिशवी असे. तिच्यात काय असतं हे सगळ्यांनाच ठाऊक : स्टीलचा डबा, घडी घातलेलं वर्तमानपत्र, पावसाळ्यात छत्री. १९९१ च्या मार्च महिन्यातल्या एका संध्याकाळी मात्र माझ्या पिशवीत रिकाम्या डब्याखाली एक खाकी पाकीट होतं. त्यात पाच हजार रुपये होते. माझ्या हातात तेव्हा महिन्याला दोन हजारांच्या थोडा वर पगार पडत असे.

मी ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होतो. माझ्या टेबलावर जमिनींचे कागद येत. ठाण्यापासून कल्याणपर्यंत भातखाचरांच्या जागी इमारती उठण्याचा तो काळ. फाइल पुढे सरकावी म्हणून येणाऱ्या माणसांना काही कमी नव्हती. ‘चहापाणी’ हा शब्द इतका घरगुती आहे, की त्यात लाच दडली आहे हे कानाला जाणवतच नाही. मी चहापाणी घेत नसे. याचं कारण माझा प्रामाणिकपणा, असं मी तेव्हा समजत होतो. खरं कारण एवढंच होतं, की तोवर मला मोठ्या रकमेची गरजच पडली नव्हती.

ती गरज त्या वर्षी उभी राहिली. मुलगी बारावीला होती, हुशार होती, तिला इंजिनिअर व्हायचं होतं. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली आणि त्यांच्या मागोमाग ‘डोनेशन’ हा शब्द मध्यमवर्गीय घरांत शिरला. १९८७ मध्ये कायद्यानं त्याला बंदी झाली. पण रात्री जेवणं उरकल्यावर घराघरांत त्याचे हिशेब मांडले जातच होते. आमच्याही घरी मांडले गेले. भविष्य निर्वाह निधी, पत्नीच्या बांगड्या, सोसायटीचं कर्ज अशी सगळी बेरीज करूनही आकडा जुळत नव्हता.

पाकीट घेऊन आलेल्या गृहस्थाचं काम नियमात बसणारं होतं. ते मी तसंही करणारच होतो. मी काही वेडंवाकडं करावं, असं त्यानं सुचवलंही नाही. “मुलांना खाऊ न्या,” एवढंच म्हणून तो निघून गेला. त्याला हाक मारायला मला एक मिनिट पुरलं असतं. मी ते मिनिट जाऊ दिलं. मोहाला बोलावं लागत नाही. आपण गप्प बसलो, की त्याचं काम होतं.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आजोबा अहमदनगरकडचे, आताच्या अहिल्यानगरचे. मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी घालून दिलेला एक नेम आमच्या घरात आजही पाळला जातो. रात्री जेवणापूर्वी सगळ्यांनी एकत्र बसायचं, पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा, आणि प्रभू येशूनं आपल्या शिष्यांना शिकवलेली प्रार्थना म्हणायची. आमचे हिंदू शेजारी तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणत, तसंच हे. अर्थाकडे लक्ष असतंच असं नाही; ओठांना पाठ झालेलं असतं.

त्या रात्री मुलगी आतल्या खोलीत दुसऱ्या दिवशीच्या पेपरचा अभ्यास करत होती, म्हणून पत्नी आणि मी दोघंच बसलो. प्रार्थनेत देवाकडे रोजच्या भाकरीचं मागणं आहे. त्या ओळीशी माझा आवाज अडला. पत्नीचा पुढे गेला, माझा निघेना. देवाकडे मी आजची भाकर मागत होतो आणि पलीकडे खुंटीवर टांगलेल्या पिशवीत दोन महिन्यांची भाकर होती, त्याला न विचारता आणलेली. मला पापाची भीती वाटली, असं नाही. अँटिकरप्शनवाल्यांची तर आठवणही झाली नाही. आपण ज्याच्याशी बोलतो आहोत त्याच्याशी खोटं बोलतो आहोत, एवढंच लख्ख कळलं. एखाद्या जिवलगाच्या डोळ्याला डोळा देता येऊ नये, तसं झालं.

पत्नीला सांगितलं. ती रागावली नाही, की उपदेशही केला नाही. तिनं इतकंच विचारलं, “अहो, पोरीला उद्या सांगता येईल का, की तुझी फी इथून आली म्हणून?”

दुसऱ्या दिवशी मी पाकीट परत केलं. तो गृहस्थ ओशाळला नाही, चिडलाही नाही. समजूतदारपणे हसून म्हणाला, “साहेब, कमी वाटले का?” आणि वाचकहो, खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा हाच विचार चमकून गेला, की जास्तही मिळाले असते तर! पाकीट हातातून सुटलं म्हणजे मनातूनही सुटलं, असं होत नाही.

ज्या प्रार्थनेत माझा आवाज अडला, तिच्यात पुढे आणखी एक मागणं आहे. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत ते म्हणताना ‘परीक्षा’ हा शब्द येतो. माझ्या वसईच्या कॅथलिक मित्राच्या प्रार्थनेत त्याच जागी ‘मोह’ येतो. मूळ ग्रीक शब्दात दोन्ही अर्थ आहेत. मला वाटतं, मराठीनं ते दोन शब्दांत वाटून घेतले हे बरंच झालं. मोह आपल्याला आतून ओढतो, परीक्षा आपल्याला बाहेरून जोखते. आणि बहुतेक वेळा दोन्हींचा दिवस एकच असतो.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही उपवासकाळ पाळतो. त्यात रविवार मोजत नाहीत. भस्म बुधवारी तो सुरू होतो. आपल्या पंचांगाप्रमाणे गुढीपाडवाही बहुतेक वर्षी याच सुमारास येतो. १९९९ पासून डोंबिवलीत पाडव्याची शोभायात्रा निघते. फडके रोडवर लेझीम-ताशांचा गजर चाललेला असतो आणि आमच्या घरी गोडधोड बंद असतं. शेजारच्या वहिनी तरीही श्रीखंडाची वाटी आणून देतात, आणि ती रविवारपर्यंत फ्रिजमध्ये राहते! हे चाळीस दिवस येशूच्या अरण्यातल्या उपवासाची आठवण आहेत. त्या उपवासाच्या शेवटी सैतानानं त्याला तीन गोष्टी सुचवल्या, असं मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितलं आहे. भूक लागली आहे, तर या दगडांच्या भाकरी कर. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, म्हणजे देवदूत तुला झेलतील आणि लोक पाहतील. आणि शेवटी एका उंच डोंगरावरून जगातली सगळी राज्यं दाखवून : मला नमस्कार कर, हे सारं तुझं.

भाकर, वाहवा आणि राज्य. लहानपणी रविवारच्या शाळेत हे ऐकलं तेव्हा वाटायचं, असले मोह देवाच्या पुत्रालाच पडायचे. आपल्यापुढे कोण येतो राज्यं घेऊन? आज वयाच्या उताराला मागे वळून पाहतो तेव्हा दिसतं, की तिन्ही माझ्या दारात येऊन गेले, आणि अगदी त्याच क्रमानं. पहिल्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्याची सांगण्यापूर्वी मला रेव्हरंड टिळकांकडे जायला हवं.

नारायण वामन टिळकांना मराठी वाचक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. त्यांच्या लहानपणाची काही वर्षं कल्याणात गेली, हे मात्र कल्याणकरांनाही फारसं ठाऊक नसतं. १८६१ साली कोकणात करजगावला जन्मलेल्या या मुलाचं प्राथमिक शिक्षण १८६९ ते १८७३ या काळात कल्याणला झालं. कल्याणला आगगाडी १८५४ मध्येच आली होती. गाडीची शिट्टी ऐकत वाढलेल्या या मुलाच्या आयुष्याचा सांधाही पुढे गाडीतच बदलला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. टिळक तो वाचत गेले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले तेव्हा त्यांना तो खाली ठेवता येईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती झाला म्हणजे काही तरी पदरात पडलं असेल, असा एक समज आपल्याकडे असतो. टिळकांच्या पदरात काय पडलं? घरदार, नातीगोती तुटली. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांकडे राहिल्या. जवळजवळ पाच वर्षं संसार दुभंगलेला होता. पुढे दोघं एकत्र आली आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी अनेक वर्षं काम केलं, ‘ज्ञानोदया’चं संपादन केलं, भजनं लिहिली, आणि १९१७ मध्ये, वयाची पंचावन्न वर्षं उलटल्यावर, मिशनचा पगार सोडून दिला. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

टिळकांकडे पाहताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. पैशाशी त्यांनी झुंज दिलेली दिसत नाही. पैसा त्यांच्या हाताला चिकटतच नव्हता. षड्रिपूंना जिंकण्यासाठी साधक दात-ओठ खातो, तसं काही इथे नाही. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा व्हायचा. ज्याचं मन एका मोठ्या प्रेमानं भरलेलं आहे, त्याच्या मनात छोट्या मोहाला बसायला पाटच मिळत नाही. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला अशी कथा आहे. तिच्यातही तुकोबांनी काही मोठं सोडलं, असं ऐकणाऱ्याला वाटत नाही. त्यांच्यापाशी आधीच मोठं काही होतं, असं वाटतं. मोह ‘नाही’ म्हणून फार काळ थोपवता येत नाही. कशाला तरी आधी मनापासून ‘हो’ म्हटलेलं असावं लागतं. त्या रात्री मला थांबवणारं काही असेल, तर ते आजोबांच्या नेमानं रोज थोडं थोडं म्हणवून घेतलेलं ‘हो’ होतं. माझ्या निग्रहाचा त्यात वाटा नव्हता.

पण टिळकांची गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी होईल. तिचा दुसरा अर्धा भाग लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवला आहे. १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक ज्यांनी वाचलं आहे, त्यांना मी काही सांगायला नको. ज्यांनी वाचलं नाही, त्यांचा मला हेवा वाटतो; कारण त्यांना ते पहिल्यांदा वाचायचं आहे. त्यात टिळकांचं औदार्य दिसतं आणि त्या औदार्याची किंमत स्वयंपाकघरात कोण मोजत होतं, हेही दिसतं. घरात पैसा नाही, आणि पाहुणे आहेत, पोरकी मुलं आहेत, बालकवींसारखा मुलासारखा येऊन राहिलेला कवी आहे. नवरा-बायकोची भांडणं आहेत. लक्ष्मीबाई चिडतात, टोमणे मारतात, हसतात, आणि पुन्हा चुलीपुढे बसतात. नवऱ्याला त्यांनी देव केलं नाही आणि खालीही ओढलं नाही. माणूस देवावर प्रेम करतो तेव्हा त्याच्या घरातल्या माणसांचं काय होतं, हा प्रश्न मराठीत इतक्या मोकळेपणानं दुसऱ्या कोणी मांडला असेल असं मला वाटत नाही.

आता माझ्या दुसऱ्या मोहाकडे येतो.

पाकीट परत केल्यावर काही दिवसांनी माझं टेबल बदललं. जुन्या दप्तरांच्या खोलीत मी रमलो. जूनमध्ये निकाल लागला. मुलीला सरकारी कॉलेजात प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नाहीत, आणि डोनेशनचा विषय आम्ही मिटवला. तिनं कल्याणला बीएस्सीला प्रवेश घेतला. ती काही बोलली नाही. रोज मुकाट्यानं गाडी पकडत राहिली.

त्याच वर्षाच्या शेवटी आमच्या मंडळीत उपकारस्तुतीच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला सांगितलं. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते चारचौघांत सांगणं. मी उभा राहिलो आणि पाकिटाची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. खुंटीवरची पिशवी, अडलेला आवाज, “कमी वाटले का?” सगळं. “मुलीच्या डोनेशनची निकड होती, तरीसुद्धा,” हेही सांगितलं. उपासना संपल्यावर लोकांनी हात हातात घेतले. एका वृद्ध बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तरंगतच देवळाच्या पायऱ्या उतरलो.

मुलगी त्या दिवशी तिसऱ्या बाकावर बसली होती. पाकिटाबद्दल तिनं प्रथम ऐकलं ते तिथे, सगळ्या मंडळीबरोबर. घरी येताना ती आमच्या दहा पावलं पुढे चालत होती. त्यानंतर कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला वाटलं, इंजिनिअरिंग हुकल्याचा राग असेल. जाईल हळूहळू.

तो गेला नाही. पुष्कळ वर्षांनी, तिची स्वतःची मुलगी बारावीला असताना, एकदा चहा पिता पिता ती म्हणाली, “बाबा, पाकीट परत केलंत त्याचा मला कधीच राग नव्हता. तुम्ही मला न विचारता, माझ्या वतीनं संत झालात, त्याचा होता. आणि वर ते सगळ्यांना सांगितलंत. मला आधी सांगितलं असतं, तर मीच म्हणाले असते, नको.”

मी पाहत राहिलो. त्या रात्री पत्नीनं मला नेमकं हेच विचारलं होतं : पोरीला सांगता येईल का? फी कुठून आली ते सांगता येणार नाही, म्हणून मी पैसे परत केले. पण पैसे परत केले हेही तिला सांगितलं नाही. ते थेट व्यासपीठावरून सांगितलं. पहिल्या मोहातून जेमतेम सुटलो होतो, आणि दुसऱ्यात, मंदिराच्या शिखरावरून, आपखुशीनं उडी मारली होती. देवदूतांनी झेललंही होतं. फक्त पोटची पोर खाली उभी होती, तिच्याकडे माझं लक्ष नव्हतं. भक्तीचा मोह हा सगळ्यांत सोवळा मोह. तो पैसा मागत नाही, दारू मागत नाही, फक्त थोडी वाहवा मागतो. म्हणून तो ओळखूही येत नाही.

येशूला कोणी तरी विचारलं होतं, सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती? त्यानं एक विचारली असताना दोन सांगितल्या : देवावर सगळ्या जिवानं प्रेम कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर. दोन्ही एकमेकींना बांधूनच दिल्या. मला वाटतं, दुसरी आज्ञा ही पहिलीची तपासणी आहे. देव दिसत नाही. त्याच्यावरच्या प्रेमाचा कितीही मोठा आकडा माणूस सांगू शकतो. शेजारी दिसतो. आणि सगळ्यांत जवळचा शेजारी तर घरातच असतो, बारावीची पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत बसलेला.

इथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. संसारावर प्रेम करू नका, असं धर्म सांगतो, आणि आम्हा संसारी माणसांना मग अपराधी वाटत राहतं. योहानाच्या पत्रात तसं म्हटलेलं आहेही : जगावर प्रीती करू नका. पण योहानाच्याच शुभवर्तमानात देवानं जगावर प्रीती केली, असंही आहे! मग खरं काय? मला उमगलं ते असं. एक जग म्हणजे माणसं, झाडं, मुंब्र्याची खाडी, श्रीखंडाची वाटी आणणाऱ्या वहिनी. त्यावर देवाचं प्रेम आहे, आपलंही असावं. दुसरं जग म्हणजे शरीराची हाव, डोळ्यांची हाव आणि मिरवण्याची हाव. ते पहिल्या जगातली माणसं दिसू देत नाही. पैसा वाईट, असंही शास्त्र म्हणत नाही. पैशाची प्रीती वाईट म्हणतं.

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातलं, आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेलं वसई हे गोन्सालो गार्सिया यांचं जन्मगाव. पोर्तुगीज वडील, इथलीच आई. सोळाव्या शतकात हा तरुण जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला आणि त्यात चांगला जमही बसवला. मग चालता व्यापार सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला ज्या सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. मला या कथेत मरणापेक्षा आधीचा भाग जास्त विचारात पाडतो. जपानमध्ये शिकलेली भाषाच पुढे सेवेसाठी वापरली. जे कमावलं ते सगळं फेकून द्यावं लागलं नाही. फक्त ते कशासाठी, याचं उत्तर बदललं. हुतात्म्याची परीक्षा एका दिवसात संपते. आपली रोज सकाळच्या गाडीबरोबर सुरू होते.

तिसरा मोह अगदी अलीकडे आला. आमची इमारत जुनी झाली आहे, स्लॅबला गळती आहे. डोंबिवलीतल्या शेकडो इमारतींप्रमाणे आमच्याकडेही पुनर्विकासाचं वारं शिरलं, आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी. वेळ भरपूर असलेला निवृत्त माणूस बहुधा त्या खुर्चीवर येऊन पडतोच. एका बिल्डरचा माणूस मला गाडीत घालून त्यांनी बांधलेला एक टॉवर दाखवायला घेऊन गेला. बाविसाव्या मजल्याच्या बाल्कनीत उभं केलं. एका बाजूला मलंगगड, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पलीकडे पारसिकचे डोंगर. खाली मुंगीसारखी लोकल चाललेली. ज्या गाडीत मी उभ्यानं आयुष्य काढलं, ती वरून अशी दिसते! तो म्हणाला, “काका, तुमच्यासाठी वरचा मजला ठेवू. थोडा एरियाही जास्त देऊ. आता सोसायटीत तुमच्या शब्दाला वजन आहे.”

उंच डोंगर, जगातली राज्यं, आणि एक छोटासा नमस्कार. हसू यायला हवं होतं. आलं नाही. मला तो फ्लॅट मनापासून हवासा वाटला. पत्नीचे गुडघे दुखतात, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही; लिफ्ट, वारा, उजेड. या वेळी मोहाला मुलीचा चेहरा नव्हता, पत्नीच्या गुडघ्यांचा होता. मोह नेहमी आपल्या माणसाचं तोंड लावूनच येतो, हे मला आता पाठ झालं आहे.

या वेळी मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. घरी येऊन आधी पत्नीला सांगितलं आणि मग मुलीला फोन लावला. मला फ्लॅट हवासा वाटतोय, हेही लपवलं नाही. दोघींचं ऐकून घेतलं. पत्नी म्हणाली, “गुडघ्यांसाठी डॉक्टर आहे. जिन्यात भेटणाऱ्या माणसांना टाळत जायचं, त्याला औषध नाही.” मुलगी हसली आणि म्हणाली, “या वेळी विचारलंत!”

पुढच्या सभेत मी सोसायटीच्या सभासदांना सांगितलं, की मला असं असं दाखवलं गेलं, असं असं सुचवलं गेलं. मी नको म्हटलं आहे, पण मला मोह झाला होता, तेव्हा बोलणी करायला माझ्याबरोबर आणखी दोघं द्या. टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. उलट मागून एक जण म्हणाला, “कुणास ठाऊक, काय काय झालं असेल!” ते मला लागलं. पण व्यासपीठावरून उतरताना जे तरंगणं होतं, ते या वेळी नव्हतं. पाय जमिनीवर होते.

पुनर्विकासाचं अजून काही ठरलेलं नाही. स्लॅब गळतोच आहे. संध्याकाळी पत्नी कठड्याला धरून एकेक पायरी चढते आणि मी तिच्या मागून भाजीची पिशवी घेऊन चढतो. रात्री आम्ही दोघं बसतो. उतारा वाचतो, प्रार्थना म्हणतो. भाकरीच्या ओळीशी माझा आवाज अजूनही क्षणभर थबकतो. पत्नी आता थांबते माझ्यासाठी. मग आम्ही बरोबर पुढे जातो.